देवगिरीचा रामचंद्रदेव आणि मिठाची पोती

देवगिरीच्या यादवांविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, कधी सोबत किल्ल्याचा फोटो असतो, पण गाभा तोच राहतो. तो थोडक्यात असा : रामदेवराय, म्हणजेच रामचंद्रदेव, हा यादवांचा शेवटचा राजा, प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंताने कट करून खऱ्या वारसाला दूर सारले आणि या दुबळ्या माणसाला गादीवर बसवले, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा त्याच हेमाद्रीने फितूर होऊन किल्ल्याच्या कोठारात धान्याऐवजी मिठाची पोती भरली, युवराज देवदर्शनात दंग होता आणि कोणी हत्यार उचलले नाही, अखेर राजाने ६०० मण सोने आणि पोटची मुलगी देऊन जीव वाचवला, आणि त्याच दिवशी महाराष्ट्राचे राज्य बुडाले.

यातल्या एक-दोन गोष्टींना जुना आधार आहे, आणि त्यांच्या आडोशानेच बाकीच्या खपतात. म्हणून सगळा मजकूर एका फटक्यात खोटा म्हणून बाजूला सारण्यापेक्षा एकेक विधान वेगळे काढून पाहणे बरे.

गादीपासून सुरुवात करू. देवगिरीचा प्रबळ राजा सिंघण सुमारे १२४६ मध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा जैतुगी आधीच मरण पावलेला होता. म्हणून राज्य नातवाकडे, म्हणजे कृष्णदेवाकडे गेले. हा कृष्णदेव, कोरीव लेखांतला कन्हरदेव, रामचंद्राचा बाप. कृष्णदेवानंतर सुमारे १२६१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ महादेव गादीवर बसला. रामचंद्र त्या वेळी वयाने लहान असावा, असे इतिहासकार मानतात, आणि चुलत्याने राज्य चालवावे यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले असते असे नाही. प्रश्न उभा राहिला तो महादेवामागे त्याचा मुलगा अम्मण गादीवर आला तेव्हा. थोरल्या भावाचा मुलगा हयात आणि कर्ता असताना धाकट्या भावाच्या मुलाने राज्य घ्यावे, हे रामचंद्राला मान्य नव्हते, आणि बऱ्याच अधिकाऱ्यांनाही ते मान्य नसावे. तेव्हा ज्याला हा मजकूर 'खरा वारस' म्हणतो तो अम्मण हा धाकट्या पातीचा; थोरल्या पातीचा वारस रामचंद्रच होता.

कट झाला हे मात्र खरे आहे, फक्त तो करणारा हेमाद्री नव्हे. महानुभाव वाङ्मयात याची हकीकत आली आहे : किल्ला उघड हल्ल्याने हाती येत नाही असे पाहून रामचंद्राने नटांचा ताफा उभा केला, त्या ताफ्यात आपली माणसे मिसळली आणि अम्मणापुढे खेळ मांडला. राजा आणि त्याची माणसे खेळात रंगली असताना नटांच्या वेशातल्या लोकांनी राजवाडा ताब्यात घेतला. १२७१ मध्ये रामचंद्र असा गादीवर आला. पकडलेल्या चुलतभावाचे पुढे डोळे काढण्यात आले, अशीही आठवण त्याच परंपरेने जपली आहे. हे कृत्य कोणी गौरवाने सांगावे असे नाही, पण स्वतः वेश पालटून आपल्या चुलतभावाचा राजवाडा घेणाऱ्या माणसाला कोणाच्या हातातले बाहुले म्हणता येत नाही.

हेमाद्रीचे म्हणाल, तर तो महादेवाच्या वेळेपासूनच श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याचे दप्तर आणि लेखनिकांचा सारा कारखाना त्याच्या हाताखाली होता. त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा अवाढव्य धर्मशास्त्रग्रंथ महादेवाच्या कारकिर्दीतला आहे आणि त्यातल्या राजप्रशस्तीवरूनच यादवांची पुष्कळशी वंशावळ आपल्याला ठाऊक झाली. धन्याचा मुलगा पदच्युत झाल्यावर तो नव्या राजाकडे नोकरीत राहिला, यावरून फार तर एवढे म्हणता येईल की वारा ओळखण्यात तो हुशार होता.

'दुबळा' हे विशेषणही तपासून पाहावे लागेल. रामचंद्राने सुमारे ४० वर्षे राज्य केले. त्याचा सेनापती टिक्कमदेव १२७६ च्या सुमारास कर्नाटकातल्या होयसळांच्या राजधानीपर्यंत, थेट द्वारसमुद्रापर्यंत जाऊन धडकला होता. त्याला तिथून माघारी यावे लागले, पण ज्याची फौज परक्या राजधानीला वेढा घालते त्या राजाला घरकोंबडा म्हणण्याची रीत नाही. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी राजाची नोंद केली ती अशी : 'तेथ यदुवंशविलासु । जो सकळकळानिवासु । न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु ॥' ग्रंथाच्या अखेरीस राजाचे नाव आदराने घेणे हा त्या काळचा शिष्टाचार होता, तेव्हा या ओवीवरून त्याच्या युद्धकौशल्याचे काही ठरत नाही. मात्र ज्या राजाच्या काळाविषयी फिरत्या मजकुराने फक्त फितुरी आणि पळापळ शिल्लक ठेवली आहे, त्याच काळात, देवगिरीपासून फार लांब नसलेल्या गावी, संन्याशाचा एक तरुण मुलगा मराठीत गीता सांगत होता आणि राजाचे नाव न्यायाशी जोडत होता, एवढे तरी ती ओवी सांगते.

आता १२९६. मजकुराचा सगळा डोलारा ज्या मिठाच्या पोत्यांवर उभा आहे, ती पोती कोणाच्या ग्रंथातून आली, हे आधी पाहू. कवी अमीर खुसरो हा अल्लाउद्दीनचा समकालीन. इसामीने आपला इतिहास १३५० च्या सुमारास पुरा केला, आणि तोही दौलताबादेत राहून, म्हणजे ज्या किल्ल्याविषयी तो लिहीत होता त्याच्या सावलीत. दिल्लीचा इतिहासकार बरनी याने त्यानंतर काही वर्षांनी लिहिले. मिठाची गोष्ट तपशिलाने येते ती या तिघांकडे नव्हे, तर विजापूरच्या दरबारी लिहिणाऱ्या फिरिश्त्याकडे, आणि फिरिश्ता सतराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे घटनेनंतर ३०० वर्षांनी लिहिणारा. उशिरा लिहिले म्हणून गोष्ट खोटीच ठरते असे नाही, कारण दख्खनच्या तोंडी परंपरा त्याच्या कानावर आलेल्या असणारच. पण फिरिश्ता नेमके काय सांगतो ते तरी नीट वाचायला हवे. तो सांगतो की शत्रू अचानक दारात आल्यावर धांदल उडाली. कोकणातून मीठ घेऊन निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा नगराजवळ उतरला होता आणि जीव वाचवण्यासाठी माल तिथेच टाकून पळाला होता. किल्ल्यातल्या लोकांनी ती पोती धान्याची समजून घाईघाईने वर नेली, आणि आत मीठ आहे हे पुढे वेढा आवळल्यावर उघडकीला आले. या सगळ्या गोष्टीत हेमाद्री नाही. कोणी पोती बदलली नाहीत, कोणी पैसे खाल्ले नाहीत. ज्या आधारावर फितुरीचा आरोप केला जातो, तो आधारच घाईत झालेल्या चुकीची गोष्ट सांगतो.

शिवाय कोठार भरलेले का नव्हते, याला फितुरीपेक्षा साधे उत्तर आहे. वेढ्याची अपेक्षाच नव्हती. दिल्लीची फौज त्याआधी कधी विंध्य ओलांडून देवगिरीपर्यंत आलेली नव्हती. अल्लाउद्दीन तेव्हा सुलतानही नव्हता. तो कडा इथला सुभेदार होता आणि चुलता, सुलतान जलालुद्दीन, याला अंधारात ठेवून ही स्वारी करत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस तो कड्याहून निघाला आणि जूनच्या आरंभी लूट घेऊन परतही आला. त्याच्याबरोबर सारे मिळून काही हजार स्वार होते. फिरिश्ता ८,००० म्हणतो, बरनी त्याहून कमी. एवढ्या फौजेने दीर्घ वेढा चालवणे शक्यच नव्हते आणि ते अल्लाउद्दीनला पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने अफवा उठवली की आपण केवळ बिनीची तुकडी आहोत, सुलतानाचे २०,००० स्वार मागून येत आहेत. रामचंद्राने तहाची बोलणी लावली ती या अफवेपोटी. ज्याने नटांच्या वेशात किल्ला घेतला होता, त्याला दुसऱ्याचे सोंग ओळखता आले नाही, एवढा दोष त्याच्या पदरी घालता येतो.

फितुरीची कल्पना सहज पटते याला आजचा किल्लाही थोडा कारणीभूत आहे, असे मला वाटते. दौलताबादला जाणारा माणूस तटामागून तट ओलांडतो, तासलेल्या कड्याखालचा खंदक पाहतो, अंधेरी म्हणतात त्या काळोख्या भुयारातून चाचपडत वर जातो आणि मनाशी म्हणतो की घरभेद्याशिवाय हे पडणे शक्य नाही. पण तो जे पाहतो त्यातले पुष्कळसे रामचंद्राने पाहिलेलेच नव्हते. चांद मिनार बहमनींचा. बाहेरचा अंबरकोट मलिक अंबरच्या नावाचा. तोफांचे बुरूज तर तोफा आल्यानंतरचे. १२९६ मध्ये खालचे नगर शत्रूपुढे जवळपास उघडे होते, आणि ते लुटले गेल्यावर वरच्या डोंगरावर अडकलेल्या राजाला तिथे बसून काय साधणार, हा प्रश्न होता.

हेमाद्रीविषयीचा रोष मात्र या फिरत्या मजकुरापेक्षा जुना आहे. महानुभाव परंपरेत चक्रधरांचा विरोधक म्हणून त्याची प्रतिमा रंगवली गेली आहे, आणि तो वाद १२७० च्या दशकातला, धर्मपंथाचा आहे. त्याला पंचवीस वर्षे पुढे ओढून किल्ल्याच्या कोठारात नेऊन ठेवणे हे नंतरच्यांचे काम. गंमत अशी की ज्या लोकस्मृतीने महाराष्ट्रातली चुन्याविना बांधलेली जुनी देवळे सरसकट 'हेमाडपंती' ठरवून टाकली, मोडी लिपीही त्याच्या नावावर जमा केली, तिनेच राज्य बुडवल्याचे पापही त्याच्याच खात्यावर मांडले. एका कारकुनी खात्याच्या मुख्याकडून आपण एवढे सगळे करून घेतले. अलीकडे या आरोपाला जातीची फोडणीही मिळते. तिचा इतिहासाशी काही संबंध नाही, म्हणून ती इथे बाजूलाच ठेवतो.

'कोणी हत्यार उचलले नाही' हे तर सरळ खोटे आहे. देवगिरीच्या वाटेवरच्या लासूरच्या घाटीत कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने अल्लाउद्दीनला अडवले, असे इसामी लिहितो, आणि त्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्याचे सांगतो. हे लिहिणारा शत्रूच्या गोटातला आहे, तेव्हा यादवांची खोटी भलामण करण्याचे त्याला कारण नव्हते. शत्रूच्या इतिहासकाराने सांगितलेला पराक्रम आपल्याच मजकुरातून गळावा, याला काय म्हणावे?

युवराजाची गोष्ट जरा तपशिलाने पाहण्यासारखी आहे. तो लेखांत व ग्रंथांत शंकरदेव, सिंघण अशा नावांनी येतो, आणि इसामी ज्या राजपुत्राला भिल्लम म्हणतो तो हाच की याचा भाऊ, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बरनी सांगतो की मुख्य फौज घेऊन तो दूर गेलेला होता. फिरिश्ता त्याला देवदर्शनाला गेलेला दाखवतो. कारण काहीही असो, फौज त्याच्याबरोबर होती, आणि राजधानी रिकामी का सापडली याचे उत्तर तिथे आहे. बातमी कळताच तो परतला. तोवर बापाने तह करून टाकला होता. फिरिश्त्याच्या हकिकतीनुसार बापाने त्याला लढू नकोस म्हणून निरोप पाठवला, तो त्याने मानला नाही, आणि उलट अल्लाउद्दीनलाच लूट परत करून निघून जाण्यास बजावले. लढाई झाली आणि ती यादवांच्या बाजूने झुकतही होती. तेवढ्यात किल्ल्यापाशी ठेवलेली नुसरतखानाची तुकडी मदतीला धावली; तिच्या घोड्यांनी उडवलेली धूळ पाहून यादवांच्या सैन्याला वाटले की ते २०,००० स्वार खरोखरच आले, आणि फळी फुटली. मिठाची पोती उघडकीला आली ती यानंतर, आणि तहाच्या अटी कडक झाल्या त्याही यानंतर. अचलपूरकडचा वसूल दरवर्षी दिल्लीला द्यायचे ठरले. म्हणजे युवराज लढला नाही ही तक्रार नसून तो बापाचा शब्द मोडून लढला आणि त्याची किंमत बापाला मोजावी लागली, अशी ही गोष्ट आहे. बापलेकांतली ही तेढ पुढे बारा वर्षांनी पुन्हा वर येते.

सोन्याच्या आकड्यासाठी फार वेळ घालवायला नको. ६०० मण सोने, ७ मण मोती, १,००० मण चांदी हे आकडे फिरिश्त्याचे. फिरत्या मजकुरात त्यांना ४० किलोंनी गुणून २४,००० किलो सोने काढलेले असते. त्या काळचा दिल्लीचा मण आपल्या चाळीस शेरी मणाच्या निम्म्याहूनही कमी भरत असे, तेव्हा गुणाकार बरोबर असला तरी ज्याने गुणले तेच चूक आहे.

मुलीच्या बाबतीत मी अधिक जपून लिहितो, कारण इथे मजकूर पूर्ण निराधार नाही. इसामीने रामदेवाची मुलगी अल्लाउद्दीनच्या घरात असल्याचे लिहिले आहे. फारसी लिपीतून तिचे नाव झत्यपाली, झिताई असे निरनिराळे वाचले जाते. बरनी तिच्याविषयी बोलत नाही. पुढच्या काळात उत्तरेत छिताई नावाने एक आख्यानकाव्य रचले गेले आणि आज सांगितल्या जाणाऱ्या रडारडीच्या, पळवून नेण्याच्या प्रसंगांचा रंग बराचसा अशा आख्यानांतून आलेला आहे. इसामीवर विश्वास ठेवला तर राजकन्या दिल्लीला गेली, हे मान्य करावे लागते, आणि ते मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही. हरलेल्या घराण्यातली मुलगी जिंकणाऱ्याच्या घरी जाणे हा त्या काळच्या तहांचा नेहमीचा भाग होता, आणि त्यात तिला कोणी विचारत नसे. न पटणारी गोष्ट एवढीच की 'जीव वाचवण्यासाठी पोटची पोर दिली' असे म्हणून सगळा दोष बापाच्या भित्रेपणावर टाकला जातो आणि ती स्वतः मात्र त्या वाक्यानंतर नाहीशी होते. तिची पुढची हकीकत खाली येईलच.

शेवटचे विधान, की १२९६ मध्ये राज्य बुडाले. ते बुडाले नाही. रामचंद्र त्यानंतर आणखी सुमारे १५ वर्षे राजा होता. काही काळाने खंडणी थांबली तेव्हा १३०७-०८ मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर फौज घेऊन आला. खंडणी कोणी थांबवली? इसामीच्या म्हणण्याप्रमाणे राजपुत्र आणि त्याच्या पक्षाने. रामचंद्राने उलट गुप्तपणे दिल्लीला कळवले की आपण निष्ठावंत आहोत, मुलगा आपल्या हाताबाहेर गेला आहे. राजा आणि त्याच्या कुटुंबाला इजा होऊ देऊ नये, असा हुकूम काफूरला होता, असे खुसरो लिहितो, आणि तो या गोष्टीशी जुळतो. मुलगा निसटला. राजाला दिल्लीला नेले, काही महिने मानाने ठेवले आणि 'रायरायान' हा किताब, छत्र व नवसारीचा मुलूख देऊन परत पाठवले. पुढच्या वरंगळ आणि द्वारसमुद्राच्या मोहिमांत काफूरच्या फौजेला देवगिरीहून रसद व वाटाडे मिळाले. रामचंद्राला दोष द्यायचा तर तो इथे द्यावा : शेजारची दोन राज्ये नमवायला त्याने हात लावला. फिरत्या मजकुराला हा खरा, कागदावरचा दोष ठाऊकच नाही.

याच मांडलिकीच्या काळात, शके १२३२ मध्ये, म्हणजे १३१० साली दिलेला त्याचा ताम्रपट बीड जिल्ह्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरीला सापडला. प्रधान पुरुषोत्तमाच्या अग्रहारासाठी, म्हणजे ब्राह्मणांच्या इनामी वस्तीसाठी, दिलेली गावे त्यात नोंदली आहेत आणि राजाच्या विजयांची, थेट वाराणसीपर्यंतची, लांबलचक यादीही आहे. त्या यादीतले किती धरायचे आणि किती सोडायचे हा वेगळा विषय. पण 'बुडालेल्या' राज्याचा राजा १४ वर्षांनंतर गावे इनाम देत होता, हे तांब्यावर कोरलेले आहे.

रामचंद्र सुमारे १३११ मध्ये वारला, तेव्हा तो शेवटचा राजा नव्हताच. त्याच्यामागे शंकरदेव गादीवर आला, त्याने दिल्लीचे जोखड झुगारले, आणि १३१३ च्या सुमारास काफूरने त्याला मारले. अल्लाउद्दीन १३१६ मध्ये मेल्यावर काफूरने त्याच्या शिहाबुद्दीन उमर या पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिल्लीच्या तख्तावर बसवले. इसामी सांगतो तसे असेल तर तो मुलगा देवगिरीच्या राजकन्येचा, म्हणजे रामचंद्राचा नातू. काही महिन्यांतच त्याचा सावत्र भाऊ मुबारक याने त्याला दूर सारून त्याचे डोळे काढले आणि तो स्वतः सुलतान झाला. त्याच सुमारास रामचंद्राचा जावई हरपाळदेव देवगिरीला स्वतंत्र होऊन बसला होता. १३१७-१८ मध्ये मुबारक जातीने चालून आला, हरपाळ पकडला गेला, आणि मुबारकच्या हुकमाने त्याची कातडी सोलण्यात आली.